बीजाचा ट्रक

"मार चाबी!" गोमाजी मिस्तरी ट्रकखालून ओरडला.

केबिनमध्ये बसलेल्या तुलाराम ड्रायव्हरनं चाबी फिरवली. गोमाजीनं उजव्या हाताचं बोट पेट्रोलच्या पंपावर टेकवून ठेवलं होतं. पंप तव्यासारखा तापला होता, पण आत काही हलत नव्हतं.

"फिरवली का?"

"फिरवली ना जी! कव्हाची फिरवून हाय."

"बंद कर मंग. बॅटरी बसन."

गोमाजी पाठीवर सरकत बाहेर आला. वय अठ्ठावन्न. उठताना एक हात चाकाला आणि एक गुडघ्याला लागायचा. खाकी सदऱ्याच्या पाठीला ग्रीस आणि गिट्टीचे खडे चिकटले होते. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गडेगावच्या अलीकडे, ट्रक बाजूला घेऊन उभा केलेला. ऑगस्टचा महिना, पावसानं दोन दिवस उघाड दिलेली, आणि सकाळी साडेनवालाच ऊन पाठ भाजत होतं. सकाळपासून ट्रक दुसऱ्यांदा बंद पडला होता. पहिल्यांदा पडला तो वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर, कारध्याला.

"किती येळ लागन जी?" वरून, हौद्यातून, शकुनबाईनं विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"कारध्याले पन पंधराच बोलले होते."

शकुनबाई उत्तरासाठी थांबली नव्हती. तिचे दोन्ही हात दोन पिपांत होते आणि ती तळव्यांनी पाणी थापटत होती. हौद्यात अशी सोळा पिपं होती. त्यांत कलकत्त्याहून रेल्वेनं आलेलं माशांचं बीज होतं. रोहू, कतला, मृगळ. जिऱ्याहून जरा मोठी, काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं. पहाटे भंडारा रोड स्टेशनवर ती उतरली तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांतली हवा संपत आली होती. शकुनबाईनं तिथेच पिशव्या सोडून बीज पिपांत ओतलं होतं. आता ट्रक चालत राहिला की हिसक्यांनी पाणी डुचमळणार, पाण्यात हवा मिसळणार आणि बीज जगणार. ट्रक थांबला की माणसाला हातानं पाणी हलवत राहावं लागणार. पिपं सोळा होती आणि शकुनबाईचे हात दोन.

हे बीज सानगडीच्या पुढे दोन कोसांवर, खैरबोडीला जायचं होतं. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं मोठा तलाव घेतला होता, आणि शकुनबाईचं धरून चाळीस घरं त्या तलावावर जगत होती. आदल्या वर्षी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटून मासे वाहून गेले. बीज वर्षातून एकदाच मिळे. हे मेलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तलावात टाकायला काही उरणार नव्हतं.

सोसायटीचा ट्रक म्हणजे कामठीच्या लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी पेट्रोल गाडी. तिचा मूळचा पंप कधीच निकामी झाला होता. त्याच्या जागी कोणीतरी बॅटरीवर चालणारा पंप आणून टाकीजवळ चेसिसला बसवला होता. चाबी फिरवली की तो टिकटिक करत पेट्रोल ओढून इंजिनाकडे ढकलायचा. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र त्याचं बिनसलं होतं. गाडी सात-आठ मैल नीट जायची, मग आचके देऊन थांबायची. साकोलीच्या मोटार स्टँडजवळ गोमाजीचं पत्र्याचं छप्पर होतं. तिथे ट्रक दोनदा येऊन गेला. गोमाजीनं पहिल्यांदा पंपाचे, करंट जोडणारे, जळलेले पॉइंट बदलले. दुसऱ्यांदा आतला रबरी पडदा नवा घातला. दोन्ही वेळा मैलभर फिरवून पाहिला, गाडी बाणासारखी गेली. आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी रस्त्यात उभी राहिली.

सोसायटीचे सचिव मधुकरराव शेवटी म्हणाले होते, "मिस्तरी, बीजाच्या दिवशी तुमीच गाडीत बसा. मले भरोसा नाही रायला."

भरोसा पंपावर राहिला नाही की मिस्तरीवर, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. गोमाजीनं ते शब्द दोन रात्री उशाशी घेतले होते. मोठ्या लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत, तेव्हापासून तो या धंद्यात. साकोलीत लोक सांगत, रस्त्यानं गाडी गेली की गोमाजी जेवता जेवता सांगतो, कोणत्या सिलिंडरचं काय बिघडलंय.

आता त्यानं टाकीचं झाकण पान्यानं फिरवून काढलं आणि आत काडी बुडवून पाहिली. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. गळती नव्हती. झाकण बसवून तो पुन्हा खाली शिरला. बल्बला दोन तारा जोडून पाहिलं. बल्ब पेटला, म्हणजे करंट येत होता. चेसिसला जोडलेली तार काढून, गंज खरवडून, पुन्हा आवळली. पंपाचं टोपण उघडून पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला.

"मार चाबी!"

बोटाखाली पंप थरथरला. इंजिन लागलं.

"बस ना जी लौकर!" तुलाराम हसून ओरडला. गोमाजीला मात्र हसू आलं नाही. कारध्यालाही हेच केलं होतं आणि तिथेही पंप असाच थरथरला होता.

लाखनीच्या मैलभर आधी ट्रक तिसऱ्यांदा थांबला.

या वेळी तुलारामनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. "आता काय जी? तार झाली, पॉइंट झाले. आता काय रायलं?"

"तू गाडी ताणून राहिला असशीन."

"मी ताणून राहिलो? पंचवीसच्या वर काटा नाही नेला! तुमीच तं बाजूले बसून होते."

गोमाजी उतरला. खाली वाकून पंपाला हात लावला आणि मागे घेतला. पुन्हा तसाच तापलेला. पंप तापतो म्हणजे त्यात करंट आहे. करंट आहे आणि हलत नाही म्हणजे तो अडकतो. पॉइंट चिकटत नव्हते, पडदा नवा होता, मग अडकतो कशानं? मागून ओढ असली तर अडकेल. टाकीत हवा शिरायला वाट नसेल, तर पेट्रोल जसं कमी होईल तशी टाकी पंपाच्या विरुद्ध ओढू लागेल आणि पंप थकून बसेल.

हे त्याला आधीही सुचलं होतं. झाकण नवीन होतं. पेट्रोल चोरीला जातं म्हणून मधुकररावांनी तीन आठवड्यांपूर्वी जाड पत्र्याचं, पान्याशिवाय उघडणार नाही असं बनवून घेतलं होतं.

"तुलाराम, या झाकनाले हवेचं भोक ठेवलं हाय ना?"

"असन ना. सायबानं सांगूनच बनवलं." तुलाराम बॉनेट उघडायला पुढे गेला.

गोमाजीनं झाकणाला पाना लावला. टाकी ओढत असेल तर झाकण सैल होताना आत हवा शिरल्याचा आवाज होतो. हे त्याला तीस वर्षांपासून माहीत होतं. त्यानं खात्रीसाठी मानही वाकवली, कान झाकणाशी नेला आणि पाना हळूहळू फिरवला. काहीच आवाज झाला नाही. झाकण हातात आलं. काडी बुडवली. पेट्रोल होतं.

म्हणजे तेही नाही. एक शक्यता गेली, आणि उरलेल्या शक्यता त्यानं तीन आठवड्यांत दोन-दोनदा तपासून संपवल्या होत्या.

"मिस्तरी," वरून शकुनबाईची हाक आली. तिचा आवाज आता खालचा होता. "हे पिपं पाहा एकदा."

तो चाकावर पाय देऊन वर चढला. मागच्या कोपऱ्यातल्या दोन पिपांत बीज वर आलं होतं. हजारो बारीक तोंडं पाण्याच्या वर येऊन उघडमीट करत होती. तिसऱ्या पिपाच्या तळाशी पांढरट थर बसलेला होता.

"हे गेलं," शकुनबाई त्या पिपाकडे न बघता म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत सुरकुतून पांढरे पडले होते. "पानी तापून राहिलं. माहे हात पुरत नाही."

"तुलाराम!" गोमाजी ओरडला. "बॉनेट सोड, वर ये. पानी हलव."

तुलाराम वर चढला. गोमाजीनं बाजूच्या धानाच्या बांधीतलं पाणी डब्यानं आणलं, गोणपाट भिजवून पंपावर गुंडाळलं. उन्हानं पेट्रोलची वाफ होऊन पंप अडत असेल, एवढंच आता उरलं होतं. दहा मिनिटं थांबून चाबी मारली. पंप चालू झाला. गाडीही चालू झाली. गोमाजी केबिनमध्ये बसला. गोणपाट पुन्हा भिजवायला म्हणून पाण्याचा डबा त्यानं मांडीवर घेतला होता. लाखनी मागे पडली.

लाखनीच्या पुढे चार मैलांवर ट्रक चौथ्यांदा थांबला. गोणपाट अजून ओलं होतं.

गोमाजीनं हातातला पाना रस्त्याच्या कडेच्या मातीत फेकला. आयुष्यात त्यानं हत्यार कधी फेकलं नव्हतं. तुलाराम त्याच्याकडे बघत राहिला.

"मेला हा पंप," गोमाजी म्हणाला. "याच्या मायचा. तीन हप्ते माह्या जिवाले खाल्लं यानं. याले इथंच तोडतो."

"तोडून काय करतीन? गाडी ढकलत नेऊ खैरबोडीले?"

"टपावर डब्बा बांधू. डब्ब्यातून नळी सोडू इंजिनले. पेट्रोल आपोआप उतरन, पंप नाही पायजे. तू लाखनीले जा, चार हात रबरी नळी आन. आता जे भेटन त्या गाडीनं जा."

समोरून एक बैलबंडी आली आणि तिच्यामागे एक ट्रक. तुलारामनं हात करून तो थांबवला, पायरीवर लोंबकळला आणि गेला. रस्त्याच्या कडेला मोहाखाली एक बाई शेगडीवर भुट्टे भाजत बसली होती. बाकी कोणी नव्हतं. गोमाजीनं मातीतून पाना उचलला, धोतराला पुसला, आणि टपावरच्या डब्यासाठी पेट्रोल काढून ठेवावं म्हणून टाकीकडे वळला. टाकी हौद्याच्या बाजूला, शकुनबाई बसली होती त्याच्या अगदी खालीच होती. त्यानं झाकणाला पाना लावला आणि फिरवला.

"पाहा, अजून तशीच करते," शकुनबाई वरून म्हणाली.

गोमाजीनं वर पाहिलं. "कोन?"

"हे टाकी जी. सापावानी फुसकारते."

"कव्हा?"

"आताच नाही का. तुमी झाकन काढलं तं केवढी फुसकारली."

गोमाजीच्या हातात झाकण तसंच राहिलं.

"सकाळपासून करून राहिली," ती पाणी थापटत सांगत होती. "कारध्याले केली, मंग गडेगावले केली. लाखनीच्या अदुगर तं तुमी कानच लावला होता. मले वाटलं, मिस्तरी आयकून राहिले, त्यायले ठावूक असन. मंग मी कायले बोलू?"

गोमाजीनं झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूनं सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलेलं होतं, घट्ट, डिंकानं चिकटवलेलं. पत्र्याला भोक नव्हतं. कुठेच नव्हतं. ते एवढं उघड होतं की नुसतं उलटं धरलं असतं तरी दिसलं असतं. पण आवाज आला नाही म्हणून त्यानं झाकणाचा विचारच सोडून दिला होता. दर थांब्याला तो काडी बुडवायला झाकण उघडत होता, टाकीत हवा शिरत होती, आणि मग त्यानं पंपाला काहीही केलं तरी पंप चालू होत होता. तार खरवडली म्हणून नाही, पॉइंट घासले म्हणून नाही, गोणपाटानं तर नाहीच. आणि साकोलीतही, दोन्ही वेळा, तेच.

"मिस्तरी?" शकुनबाई म्हणाली.

"मोठा होता का आवाज?" त्यानं विचारलं.

तिचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू झाले.

"होता जी. भुट्टेवालीनं पन मान वरते करून पायलं."

गोमाजीनं भुट्टेवालीकडे पाहिलं. ती वीस पावलांवर होती.

त्याला धुरपता आठवली, त्याची बायको. दोन वर्षांपासून तो तिच्यावर चिडत होता की ती तोंडातल्या तोंडात बोलते. चुलीजवळून बोलते, पाठ करून बोलते, नीट बोलत नाही. ती बिचारी हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. पंपावर कान न ठेवता बोट ठेवायची सवय कधी लागली, तेही त्याला आठवेना. बोटाला जास्त नीट कळतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. माणसांचं बोलणं, समोरून, ऐकू यायचं. इंजिनाची घरघर ऐकू यायची. म्हणून सगळंच ऐकू येतं असं तो धरून चालला होता.

पण हे सगळं मनात घोळवायला ही वेळ नव्हती. वर पिपांतली तोंडं उघडमीट करत होती.

त्यानं अवजारांच्या पेटीतून खिळा काढला. झाकण दगडावर ठेवून, रबर ओरबाडून काढून, हातोडीच्या दोन घावांत आरपार भोक पाडलं. आणखी एक पाडलं. दोन्हींतून उजेड पाहिला. झाकण बसवलं, चाबी फिरवली आणि धावत येऊन पंपावर बोट ठेवलं. पंप चालत होता, आठ-दहा झटके देऊन पोट भरल्यासारखा थांबला. इंजिनाला पुरेसं पेट्रोल पोचलं की तो असाच थांबायला हवा होता.

"चला," तो म्हणाला.

"अन् तुलाराम?"

"तो येईन एसटीनं. त्याची वाट पाहत बसलो तं अर्धे पिपं मरतीन. गाडी मी चालवतो."

त्यानं भुट्टेवालीला सांगितलं, रबरी नळी घेऊन एक माणूस येईल, त्याला म्हणावं गाडी गेली, खैरबोडीला ये. चालवायला बसण्याआधी तो हौद्याजवळ थांबला. शकुनबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि जरा वाकून म्हणाली, "मिस्तरी, मी कोनाले सांगनार नाही. पंपच बिघडला होता म्हना. कोनाले समजते त्याच्यातलं?"

गोमाजीनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

सात-आठ मैलांनंतर काय होतं याकडे त्याचं सगळं लक्ष होतं. साकोली आली, तेव्हा पाच मैल झाले होते. त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या छपरासमोरून ट्रक गेला. समोर कोणाची तरी मोटारसायकल लावून ठेवलेली दिसली, मालक बाकावर बसून वाट पाहत होता. गोमाजी थांबला नाही. सानगडीच्या रस्त्याला वळल्यावर रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना बांध्यांत रोवणी झालेलं हिरवं धान. सातवा मैल गेला. आठवा गेला. इंजिनानं आचका दिला नाही. एक बैलबंडी ओलांडली. बैलांच्या गळ्यात घुंगरांचे पट्टे होते, हलताना दिसत होते. त्यांचा आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडाला, की बुडाला नसता तरी आपल्याला आला नसता, हे त्याला ठरवता येईना. असं किती काय बुडालं असेल, कोणकोणत्या गाड्या आपण 'बरोबर हाय, ने' म्हणून परत दिल्या असतील, या विचारानं त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. राग येत होता, पण तो कोणावर काढावा असं समोर कोणी नव्हतं. पंपावरही काढता येत नव्हता.

दहावा मैल गेला. पंधरावा गेला. ट्रक कुठेही थांबला नाही.

खैरबोडीच्या पाळीवर माणसं सकाळपासून बसून होती. ट्रक दिसताच उठून धावत आली. मधुकरराव पुढे होते. पांढरं धोतर, काळा चष्मा, हातात छत्री.

"दहाले येनार होते, एक वाजला!" ते म्हणाले. "आन गाडी तुमी चालवून राहिले? तुलाराम कोठी हाय?"

"पिपं उतरवा पयले," शकुनबाई वरून ओरडली. "बोलनं मंग करा!"

पिपं उतरली. कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी राहिली. शकुनबाईनं प्रत्येक पीप आधी तलावात टेकवून ठेवायला लावलं, मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घेऊन, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत थांबायला लावलं. त्यानंतरच पीप आडवं करायचं. कोणी घाई केली की ती शिवी देत होती. सोळांतली सहा पिपं मेली होती. त्यांतलं पाणी दुधाळ दिसत होतं. ती पाळीपलीकडे, खड्ड्यात ओतली गेली. दहा पिपांतलं बीज तोंड वळवून खोल पाण्यात गेलं.

मधुकरराव खड्ड्याजवळ उभे राहिले. मग वळून गोमाजीकडे आले. मागून पाच-सहा माणसं आली, त्यांत सोसायटीचा पंच भैय्यालालही होता.

"सहा पिपं," मधुकरराव म्हणाले. "त्या पंपानं घात केला मिस्तरी. मी तं म्हनतो, तो पंप फेका आन नवा आना. तुमीही काय करान, जुन्या मालाले?"

ही सरळ वाट होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. गोमाजीनं शकुनबाईकडे पाहिलं. ती पाण्यात उभी राहून एक रिकामं पीप धूत होती आणि मुद्दाम या बाजूला बघत नव्हती.

"पंप चांगला हाय," गोमाजी म्हणाला. "पंपात काहीच नव्हतं."

"मंग?"

"झाकन. टाकीच्या झाकनाले हवेचं भोक नव्हतं. टाकी ओढत होती, पंप थकून बसत होता. खिळ्यानं भोक पाडलं, तिथून इथवर एकदाही नाही थांबली."

मधुकररावांचा चेहरा उतरला. झाकण कोणी बनवून घेतलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं त्यांच्याकडे पाहू लागली. "म्हंजे..." ते म्हणाले, "म्हंजे हे माह्याच हातानं झालं?"

"झाकन तुमचं चुकलं," गोमाजी म्हणाला. "पन ते सकाळपासून सांगत होतं. दर खेपेले मी उघडलं का फुसकारत होतं. शकुनबाईले आयकू आलं. रस्त्यावरच्या भुट्टेवालीले आलं. मी कान लावून उभा होतो, मले नाही आलं. मले आयकू येत नाही मधुकरराव. बारीक आवाज येत नाही. मले आजच समजलं. कारध्यालेच समजलं असतं तं सोळाही पिपं आली असती."

मधुकररावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

भैय्यालालनं विचारलं, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, "मंग आता गाड्या कशा सुधरवतान जी?"

"हातानं," गोमाजी म्हणाला. "आन इचारीन. ज्याची गाडी असन त्यालेच इचारीन, बाबा, आवाज कसा येऊन राहिला, सांग."

हे बोलून तो त्यांच्यातून बाहेर पडला आणि पाळ उतरून पाण्याकडे गेला. थोड्या वेळानं तुलाराम आला. एसटीनं सानगडीपर्यंत आणि तिथून पायी. गळ्यात रबरी नळीचं वेटोळं, सदरा घामानं चिकटलेला, आणि तोंड रागानं लाल. "मले टाकून आले!" तो पाळीवरच्या माणसांना सांगत होता. "चार हात नळीसाठी अख्खी लाखनी पालथी घातली मी!" कोणीतरी त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात काही सांगितलं. तुलाराम गळ्यातली नळी काढून, कुठे ठेवावी ते न कळून, हातात धरून उभा राहिला.

गोमाजी काठावरच्या दगडावर पाठमोरा बसला होता. पाय पाण्यात सोडले होते. ओल्या वाळूनं तो बोटांवरचं ग्रीस घासत होता, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत. पाळीवर कोणीतरी चहाची किटली आणली होती. शकुनबाई दोन पेले घेऊन खाली आली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"मिस्तरी," तिनं हाक मारली.

तो हात घासत राहिला.

ती पुन्हा बोलली नाही. आवाजही चढवला नाही. लुगडं जरा वर खोचून ती पाण्यात उतरली, दगडाला वळसा घालून त्याच्या समोर गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली, आणि त्यानं मान वर करून आपल्याकडे पाहीपर्यंत थांबली.

"चहा आनला जी," ती म्हणाली, रोजच्या आवाजात.

गोमाजीनं ओले हात सदऱ्याला पुसले आणि पेला घेतला.